ताज्या दमाची टीम

नव्या कोचनं पहिल्या दिवशी आम्हाला रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला. कुठल्या जागेवर खेळतेस, किती वर्षं खेळतेस, डावा गुडघा का बांधलायस, यातलं काही नाही. "उमर?" एवढंच. बाजारात भेंडीचं टोक मोडून बघावं तसं. मी चौतीस म्हटल्यावर त्यानं भुवया उंचावल्या, जणू मी चुकून भलत्याच रांगेत येऊन उभी राहिले होते.

तो स्वतः तिशीला टेकलेला. कुठल्याशा राज्याच्या ज्युनियर संघात दोन मोसम होता, त्यातला बराचसा वेळ बाकावर, हे आम्हाला मागाहून कळलं. पण त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं, काळा गॉगल होता, आणि एक टॅब होता ज्यावर निळे बाण लाल बाणांना चिरडत पुढे जात. आमचे सचिव तेवढ्यावर खूश झाले. सचिवांचा मार्बलचा धंदा. हॉकीची स्टिक कुठल्या बाजूनं वापरतात हे त्यांना अजून विचारून घ्यावं लागतं, पण क्लब त्यांच्या वडिलांनी काढला म्हणून ते सचिव. जयपुरात वैशाली नगरच्या पलीकडे एका शाळेचं मैदान आम्हाला सरावाला मिळतं, ते त्यांच्या ओळखीनं. त्यामुळे त्यांना कुणी काही बोलत नाही.

जुने कोच गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसले होते. सचिवांनी ठरवलं की आता सगळंच नवं करायचं. "टीम को ताज़ा दम चाहिए," ते म्हणाले, आणि समोर उभ्या असलेल्या आम्हा शिळ्या दमाच्या बायकांकडे बघून प्रेमळ हसले.

आठवडाभरात ग्रुपवर मेसेज आला. पाच जणींची नावं, आजवरच्या योगदानाबद्दल आभार आणि जोडलेले हात. त्या पाचांत आमची गोलकीपर होती. झोटवाड्यात एका शाळेत ती पीटी शिकवते, दोन मुलांची आई आहे, आणि मी क्लबात आले तेव्हापासून माझ्या पाठीमागे गोलमध्ये उभी आहे. आम्ही सगळ्या तिला दीदी म्हणतो. मी फुलबॅक. पाठीमागून तिचा आवाज आला की डोकं न वळवता कुठं सरकायचं ते मला कळतं. मेसेज वाचला तेव्हा ती पोळ्या लाटत होती, असं तिनंच मला सांगितलं. पिठाच्या बोटानं तिनं अंगठा पाठवला आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

मला मात्र ठेवलं. मी 'मेंटॉर'.

घरी बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेत गार्ड होते, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच राहिले. तरुणपणी रेल्वेच्या मैदानावर स्वतः हॉकी खेळलेले. ते टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले,

"मेंटॉर मतलब काय?"

"म्हणजे मी लहान मुलींना अनुभव द्यायचा."

"आणि खेळायचं कुणी?"

"गरज पडली तर मी."

"म्हणजे बाटल्या भरायच्या," बाबा म्हणाले. "ती गोलकीपर गेली ना? मग तू कशाला थांबलीस?"

मला खेळायचं होतं म्हणून थांबले. मालवीय नगरच्या विमा ऑफिसात दिवसभर बसून लोकांच्या मोडक्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि संध्याकाळी स्टिकही हातात धरायची नाही, हे मला जमण्यातलं नव्हतं. ते बाबांना पटलं नाही. पटावं असा माझा आग्रहही नव्हता.

नव्या मुली सोळा ते एकोणीस वर्षांच्या. धावायच्या मात्र वाऱ्यासारख्या. चेंडू सोबत असलाच पाहिजे असा त्यांचा काही हट्ट नव्हता. पास आला की स्टिक उगारून फटका मारायचा, आणि चेंडू बाभळीच्या कुंपणात गेला की एकमेकींकडे बघून टाळी द्यायची. अडवायचं, शांत करायचं, मग द्यायचं, हे त्यांना म्हातारपणाचं लक्षण वाटे. त्यांतली एक झोटवाड्याची, वेल्डिंगचं दुकान असलेल्या घरातली, खरोखर चांगली फॉरवर्ड होती. मनगट इतकं लवचिक की चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा चाले. पण तिला पास देणं हा अपमान वाटायचा. तिघी मोकळ्या उभ्या असल्या तरी ती चौघींच्या घोळक्यात शिरायची. कोच टाळ्या वाजवायचा. "देखो, यह है एटिट्यूड!"

एप्रिलच्या उन्हात तो मुलींना गोल करून बसवायचा आणि डोळे मिटायला लावायचा. आपण जिंकलोय असं मनात चित्र उभं करा म्हणायचा. मैदानावरची धूळ उडून तोंडात जात होती, आणि पंधरा मुली डोळे मिटून कप उचलत होत्या. एक तर खरंच झोपून गेली. मग तो त्यांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा.

स्पर्धेला थोडेच दिवस राहिले तेव्हा मी विचारलं, "सर, पेनल्टी कॉर्नरचा बचाव एकदाही केला नाही आपण."

त्यानं गॉगल कपाळावर चढवला. "आपण अटॅकिंग टीम आहोत, मॅडम. चेंडू त्यांच्याकडे जाणारच नाही, तर कॉर्नर पडेल कसा?"

माझ्या आयुष्यात मूर्ख माणसं बरीच आली, पण मूर्खपणाला इतकी स्वच्छ इस्त्री करून मिरवणारा हा पहिलाच.

स्पर्धा जयपुरातलीच, क्लबांची, साखळी पद्धतीची. पहिला सामना ज्यांच्याशी, त्या टीममध्ये बहुतेक बायका माझ्या वयाच्या किंवा मोठ्या होत्या. दोघींनी पोटऱ्यांना पट्ट्या बांधल्या होत्या. वॉर्मअपच्या वेळी आमच्या मुली त्यांच्याकडे बघून खिदळल्या. "आंटी लोग," झोटवाड्याची म्हणाली.

आंटी लोकांनी आम्हाला पाच-एकनं धुतलं. त्या धावल्याच नाहीत. आमच्या मुली चेंडूमागे कळपानं जायच्या आणि त्या जागच्या जागी उभं राहून मोकळ्या पडलेल्या बाजूला पास टाकायच्या. पेनल्टी कॉर्नर पडत राहिले. प्रत्येक कॉर्नरला आमच्या मुली गोलरेषेवर उभ्या राहून कुणी पुढे धावायचं याची चर्चा करत, आणि ती संपायच्या आत चेंडू गोलच्या फळीवर आदळलेला असे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मला मैदानात पाठवलं, पण तोवर पाठीमागे उभ्या असलेल्या पोरीचं अवसान संपलं होतं.

ती आमची नवी गोलकीपर, सोळा वर्षांची, सगळ्यांत लहान. उंच होती म्हणून कोचनं गोलमध्ये घातलेली. सामना संपल्यावर त्यानं सगळ्यांसमोर तिला झापलं. "तुझ्याऐवजी गोलमध्ये कचऱ्याचा डबा ठेवला असता तर निदान एखादा चेंडू त्याला लागून परत आला असता." त्या आंटी लोकांपैकी एक स्टिका गोळा करता करता थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. पोरीनं पॅड सोडले, नीट एकावर एक ठेवले आणि बापाच्या स्कूटरवर मागे बसून निघून गेली. कोच तोपर्यंत एका वार्ताहराला सांगत होता की ही भविष्याची टीम आहे.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. फोनही उचलेना. पुढचा सामना रविवारी आणि भविष्याच्या टीमकडे गोलकीपर नाही.

कोच माझ्याकडे आला. पहिल्यांदाच त्यानं गॉगल काढून खिशात ठेवला होता. "मॅडम, त्या सीनियर गोलकीपरशी तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील."

"मेसेज तुम्हीच पाठवला होता," मी म्हटलं. "फोनही तुम्हीच करा."

सचिव शेजारीच होते, त्यामुळे त्याला तिथल्या तिथे फोन लावावा लागला. सचिवांनी स्पीकर चालू करायला लावला.

"कोण?" दीदीचा आवाज आला. मागे शाळेच्या पोरांचा गोंगाट.

त्यानं नाव सांगितलं.

"कोण?"

त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"ओळखलं नाही."

"मैं... नया कोच, दीदी."

"अच्छा," ती म्हणाली. "बोला."

त्यानं टीमचा मान, शहराचा मान, अनुभवाची किंमत, असं बरंच सांगितलं. दीदीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती लहान पोर कुठाय? मी सगळं ऐकलंय. तिला आधी परत आणा. मग मी येते."

पोरीला आणायला आम्ही दोघी गेलो, मी आणि दीदी. तिच्या आईनं चहा दिला आणि पोर आतल्या खोलीतून बाहेर यायला तयार होईना. दीदी दाराशी जाऊन म्हणाली, "मला पहिल्या सामन्यात आठ गोल पडले होते. तुला पाचच. चल." हे खरं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

मैदानावर कोच आधीच येऊन उभा होता. तो पोरीला म्हणाला, "अगर बुरा लगा हो तो सॉरी."

"असं नाही," दीदी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. पीटीच्या तासाला पोरांना ओळीत उभं करतानाचा तो आवाज. "सगळ्यांसमोर काय म्हणालास ते आता सगळ्यांसमोर परत म्हण. मग चुकलं म्हण."

मला वाटलं तो निघून जाईल. त्यानं सचिवांकडे बघितलं. सचिव फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधू लागले. मग त्यानं बुटाकडे बघत कचऱ्याच्या डब्याचं वाक्य पुन्हा म्हटलं. मोठ्यानं म्हणताना ते त्यालाही विनोदी वाटलं नाही. "गलती हुई," तो म्हणाला. पोरीनं मान हलवली. त्या दिवसापासून त्याच्या टॅबकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

उरलेले दोन दिवस आम्ही फक्त पेनल्टी कॉर्नरचा बचाव केला. कोण धावणार, कोण कुठला खांब धरणार. मुली कुरकुरल्या, पण केला. झोटवाडेवालीला दीदीनं पुढे धावणारी केलं, कारण तिला चेंडू अंगावर यायची भीती नव्हती. नशिबानं त्या कामात पास द्यावा लागत नाही.

रविवारी अर्ध्या वेळापर्यंत दीदी खेळली. जड झाली आहे, बसून उठताना खांबाला हात लावते, पण तिच्या आवाजानं त्या सैरावैरा धावणाऱ्या पोरी पहिल्यांदाच टीमसारख्या उभ्या राहिल्या. मध्यंतराला एक-एक बरोबरी. आणि दीदीनं पॅड सोडायला सुरुवात केली.

"यह क्या?" कोच धावत आला.

"आता ती खेळेल."

"पागल हो क्या? गोल पडला तर?"

"पडेल," दीदी म्हणाली आणि पोरीच्या पायाला पट्टे आवळू लागली.

पडला. शेवटच्या क्वार्टरमध्ये, कॉर्नरवरच. त्याआधीचे तीन कॉर्नर आम्ही अडवले होते, त्यातला एक पोरीनं चक्क हेल्मेटनं. ठाणकन आवाज झाला, ती खाली पडली, उठली आणि पाठमोऱ्या मला ओरडून म्हणाली, "दीदी, लेफ्ट!" त्या पोरींची मीही दीदीच. मी लेफ्टला सरकले. मला एका सोळा वर्षांच्या पोरीनं सरकवलं त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, एवढंच.

आम्ही दोन-एकनं हरलो आणि स्पर्धेबाहेर गेलो. संध्याकाळी कोचनं टीमबरोबरचा स्वतःचा फोटो टाकला, खाली 'नैतिक विजय'. फोटोत दीदीचा फक्त खांदा आलाय.

पावसाळ्याआधी त्याला कुठल्याशा खासगी अकादमीत नोकरी लागली. सचिवांनी निरोपाचा समारंभ केला, साफा बांधला, शाल घातली, आणि या टीमला त्यानं नवं रूप दिलं असं सांगितलं. तो हात जोडून ते खरं असल्यासारखा ऐकत होता. बाबांना मी मुद्दाम नेलं होतं. त्यांनी दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा पुढे जाईल बघ. अशांना कुठंच अडत नाही."

समारंभ संपताना सचिवांनी मला बाजूला घेतलं. "सीनियर म्हणून तुम्हीच सांगा, पुढच्या वर्षी टीमचं काय दिसतं?"

मी खरं ते सांगितलं. पुढच्या वर्षीही हरेल. त्याच्या पुढच्या वर्षी कदाचित नाही, जर गोलकीपरला बापानं कोचिंग क्लासला अडकवलं नाही, जर झोटवाडेवालीनं मान वर करून कधी बाजूला बघितलं, आणि जर कुणी त्यांना रोज संध्याकाळी तेच ते कंटाळवाणं काम करायला लावलं. सचिव मान डोलवत होते. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, फोटोवाल्याकडे होती. ऐकून झाल्यावर त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाले, "बहुत बढ़िया. मतलब, पॉज़िटिव है."

सध्या कोच नाही. मी ऑफिसातून थेट मैदानावर जाते. दीदी शाळा सुटल्यावर जमेल तेव्हा येते, रिक्षातून उतरताना कंबर धरते. काल झोटवाडेवालीनं एक पास दिला. चुकून गेला असावा, असं माझं मत आहे.