मागे बैल नकोत

आकुर्डीला जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. मोटारी नवरदेवासारख्या नटल्या होत्या आणि मालक त्यांच्यापेक्षा जास्त. एका मोटारीतून जुन्या कातड्याचा आणि रॉकेलचा वास आला, आणि मी पन्नासच्या दशकातल्या चिंचवडला, जिथे काम शिकत होतो त्या इस्माईलभाईंच्या गॅरेजात पोचलो.

तळेगावच्या इनामदारांची मोटार माझ्या वडिलांच्याच बैलांनी तिथे ओढून आणली होती. तोवर तिच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत. "चालू झाली न्हाई, तर गप घरी यायचं आन् नांगर धरायचा," वडिलांनी मला बजावलं.

मोटार न्यायच्या दिवशी इनामदार फेटा बांधून आले. वडील बैल घेऊन उभेच होते.

"मार हँडल, राव. घाबरतो कशाला?" इस्माईलभाई मला म्हणाले.

मोटार आधी नुसती खोकली, मग धडधडली. बैल बिथरले.

इनामदार वडिलांना म्हणाले, "तात्या, बैल मागनं येऊ दे. वाटेत बंद पडली तर शोभा नको."

"कशाला, सरकार? पोरानं दुरुस्त केलीया." वडिलांनी बैल घरच्या, रहाटणीच्या वाटेला वळवले.

तेव्हा वाटलं, घरी औत खोळंबलंय म्हणून निघाले. आता कळतं, मोटार तळेगावला पोचेल याची वडिलांना होती तेवढी खात्री मला स्वतःलाही नव्हती.

मोटार पोचली.