चिमणाबाईनं मागितलेली भिंत

नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या घोडके माळाला कुणी माळ म्हणत नसे, ट्रॅक म्हणत. मातीचा गोल रस्ता, कडेनं बांबू आणि बांबूंना बांधलेला दोर. रविवारी तिथं आधी मोटारसायकली पळत आणि शेवटी रिक्षा. टप उतरवलेल्या, पत्रा ठोकून सरळ केलेल्या, वळणावर एक चाक हवेत उचलणाऱ्या रिक्षा! हलगी कडाडायची, माइकवाला बेंबीच्या देठापासून ओरडायचा, आणि धुरळा खाली बसायच्या आत पुढची शर्यत लागलेली असायची.

या सगळ्याला एकच वैरीण होती. तिसऱ्या वळणाला चिकटून चिमणाबाईचा म्हशींचा गोठा होता.

"मुडद्यांनो, म्हस पान्हा चोरतीया! तुमच्या इंजनाला दूध येतंय काय? मग त्येच पिळा!"

ती अशी ओरडली की कडेची माणसं शर्यत सोडून तिच्याकडं बघायची. आणि शर्यत संपली की तीच माणसं धारोष्ण दूध प्यायला गोठ्यात रांग लावायची. चिमणाबाई फेसाळ पेले भरत, प्रत्येकाच्या हातात दुधाबरोबर एक शिवी ठेवायची. शिवी नाही मिळाली तर गिऱ्हाईक विचारायचं, "आक्का, बरं न्हाय व्हय आज?"

एकदा मल्लेशच्या रिक्षाचा ब्रेक लागला नाही. मल्लेश गल्लीतलाच, आडदांड, स्वतःची रिक्षा स्वतःच दुरुस्त करणारा. दोर तोडून गडी थेट चिमणाबाईच्या शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, ढिगात घुसला.

"लागलं काय रं?"

"न्हाय आक्का."

"मग ऊठ. मोडल्यास तेवढ्या थापायच्या."

मल्लेशनं थापल्या. बाह्या सरसावून, अख्ख्या गल्लीसमोर. "आरं पातळ थाप, भाकरी न्हवं ती!" अशी टिंगल ऐकत. शेवटची शेणी थापून झाल्यावर चिमणाबाईनं त्याच्या पुढ्यात दुधाचा तांब्या ठेवला. मिटलं. त्या माळावरची भांडणं अशीच मिटायची. तिथं तिसऱ्याचं काम नव्हतं.

मागणं मात्र तिनं सोडलं नाही. वळणाला कमरेएवढी भिंत घाला, म्हणजे गाडी गोठ्यात येणार नाही. माइकवाल्याला सांगितलं, शर्यती भरवणाऱ्या तालमीच्या पोरांना सांगितलं. सगळे म्हणायचे, "घालूया की आक्का." एक वीट कुणी हलवली नाही.

मग २००१ साली वॉर्डाची सभा झाली. खुर्चीवरच्या साहेबांनी मोठ्या मायेनं विचारलं, "मावशी, ट्रॅकचा त्रास हाय न्हवं?"

"हाय की! लई हाय! म्हणून तर म्हणतो, वळणाला भिंत घाला."

साहेबांना पहिलं वाक्य पुरलं. पंधरवड्यात माळाभोवती तारा ओढून फाटकाला कुलूप लागलं आणि पेपरात आलं, महिलांच्या तक्रारीमुळं शर्यती बंद. महिला म्हणजे कोण, ते गल्लीला सांगायची गरज नव्हती. मागोमाग चुन्याच्या रेघा आल्या, खुंट्या आल्या, प्लॉट पडले. आणि भिंत आली. कमरेएवढी नव्हे, पुरुषभर उंच, अख्ख्या माळाला वेढून, गोठ्याच्या तोंडासमोरून.

"तवा इटा न्हवत्या व्हय रं?" तिनं गवंड्याला विचारलं.

"आमाला काय म्हाईत बाई? आमी कालच आलोय कामावर."

त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? पण तिच्या अंगाची लाही लाही झाली. दहा वर्षं घसा कोरडा केला तर वीट नाही, आणि प्लॉट विकायचे म्हटल्यावर ट्रकच्या ट्रक रिकामे!

गल्लीनं मात्र तिलाच धरलं. दुधाची रांग आटली. मल्लेश तर कोपऱ्यावरच इंजिन बंद करायचा आणि तिच्या दारावरनं रिक्षा ढकलत न्यायचा. पॅसेंजरला ऐकू जाईल असं म्हणायचा, "पावणं, जरा खाली उतरा. आक्कांना आवाजाचा त्रास हुतोय." शिवी दिली असती तर तिनं दोन परत दिल्या असत्या. याला काय द्यायचं?

दोन वर्षांनी कॉलनीचं उद्घाटन ठरलं. कॉलनीवाल्यांचा कडक इस्त्रीचा एक माणूस गोठ्यात येऊन म्हणाला, "शांततेसाठी झगडणाऱ्या माउलीचा आम्ही सत्कार करणार."

"गल्ली असणार काय तिथं?"

"सगळ्यांना बोलावलंय."

"मग येतो की!"

मांडव बरोबर तिसऱ्या वळणावर घातला होता. स्टेजवर त्याच साहेबांच्या हातून अंगावर शाल आली, हातात नारळ आला. चिमणाबाईनं नारळ खुर्चीवर ठेवला आणि निवेदकाच्या हातातला माइक ओढून घेतला.

"म्या ट्रॅक बंद करा म्हटलं न्हवतं. भिंत मागितली हुती, भिंत! माझं भांडान त्या पोरांशी हुतं. त्ये आमी करत हुतो, आमीच मिटवत हुतो. तुमाला मधी कुणी बोलावलं? माझ्या नावानं कुलूप लावलंसा, आणि आता मलाच शाल घालतायसा?"

माइक बंद पडला. पाडला, म्हणा. तिला फरक पडला नाही. इंजिनांवर चढवायची सवय असलेला आवाज होता तो. शाल खुर्चीवर टाकून ती खाली उतरली. फाटकाशी मल्लेश उभा होता.

"आक्का, ह्ये दोन वर्साखाली बोलायचं न्हवं?"

"तू इचारलंस कवा?" ती त्याच्या अंगावरच गेली. "पेपर वाचलास आणि गप बसलास. शेणी थापताना तोंड भरून आक्का म्हणत हुतास. एकदा दारात यून इचारलं असतंस, आक्का, खरं हाय व्हय?"

मल्लेशची मान खाली गेली. "चुकलं आक्का."

"माझ्या कानात सांगू नगंस. बदनामी गल्लीभर केलीस. बोल मोठ्यानं, माणसं हायती तवर."

मल्लेशनं घसा खाकरला. मग तोंडाशी हात धरून ओरडला, "आयका रं! ट्रॅक आक्कांनी बंद केला न्हाय!"

मांडवात जिलेबीचे द्रोण हातातच राहिले. मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग कुणी केला?"

एकेक मान स्टेजकडं वळायला लागली, आणि कडक इस्त्रीचा माणूस घाईघाईनं बँडवाल्यांना हातानं खुणावत सुटला, "वाजवा, वाजवा!"