जोमसुनताईचं नाक

मी माणसं घासते आणि जोमसुनताई फरशी घासते. कोरियातल्या बुसान शहराच्या यंगदो बेटावरच्या एका सार्वजनिक न्हाणीघरात आम्ही दोघी कामाला आहोत. बायका गरम पाण्याच्या हौदात तासतासभर भिजतात, मग माझ्यासमोरच्या बाकावर पालथ्या पडतात आणि मी खरखरीत हातमोज्याने त्यांच्या पाठीचा मळ काढते. मला गिऱ्हाईक हातात पैसे देतं, म्हणून माझी जीभ मोकळी. ताईचा पगार ठेकेदाराकडून येतो, म्हणून तिची जीभ टाळूला चिकटलेली. आमच्या दोघींत फरक म्हणाल तर एवढाच.

ताई नाकासमोर चालणारी बाई. नवरा लवकर गेला, एकुलती एक लेक बोराम लांब सुवनला कारखान्यात लागली आणि ही इथे बादल्या उचलत राहिली. पण तिच्याकडे एक गोष्ट अशी होती की भल्याभल्या सुगरणी तिच्या दारात यायच्या. तिचं माहेर देब्यनचं, मांदेलीच्या बंदरावरचं. वसंतात मांदेली आली की ती माहेरून ताजी मासळी आणायची आणि गच्चीवरच्या मातीच्या बरण्यांत मिठात मुरत घालायची. मीठ मोजायला वाटी नाही की माप नाही. रोज सकाळी झाकण काढायचं, डोळे मिटून नाक आत घालायचं आणि बरणीशीच बोलायचं.

"हिला मूठभर मीठ कमी पडलंय. आणि तू का गं रुसलीस? ऊन लागतंय होय?"

शरदापर्यंत जे तयार व्हायचं त्याचा थेंबभर रस किमचीत, आमच्या कोबीच्या तिखट लोणच्यात, पडला तरी चव उजळायची. बाजारात ग्वाकबाईंचा तयार लोणच्यांचा गाळा होता. गुडघ्यांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते. त्या ताईला म्हणायच्या, "मी उठले की इथे तू बस. तुझ्याकडे नाक आहे, आणखी काय लागतं?" ताईला जगात तेवढी एकच आस होती. ॲसिडच्या बादल्या सोडायच्या आणि त्या गाळ्यात उबदार चटईवर बसून मांदेली विकायची.

न्हाणीघरात हौदाच्या कडांवर पांढरा थर चढतो, त्याला ॲसिड लागतं. फटींत काळी बुरशी धरते, तिला ब्लीच लागतं. दोन्ही एकत्र आली की विषारी वाफ होते, हे कॅनवर ठळक छापलेलं असतं. पण कॅन आमच्यापर्यंत पोचायचेच नाहीत. आमचे पांग मुकादम ते खाली तळघरात ठेवायचे आणि तांदळाच्या दारूच्या रिकाम्या बाटल्यांत थोडं थोडं ओतून द्यायचे. बाटलीवर दारूचा कागद, आत काय आहे ते देव जाणे. हिवाळ्यात खिडक्या बंद आणि पंखाही बंद.

"ऊब बाहेर गेली तर गॅसचं बिल कोण भरणार, मावशी?" मुकादम विचारायचे.

ठेकेदाराच्या ऑफिसातून मध्ये एक पोरगा सुरक्षेचे धडे द्यायला आला होता. त्याने सगळ्या बायकांना नळकांडी लावलेले जाड मास्क घालायला लावले, ओळीत उभं करून फोटो काढला आणि मास्क परत पिशवीत भरले.

"अरे, घेऊन कुठे चाललास?" मी विचारलं.

"दुसऱ्या न्हाणीघरात फोटो आहे, मावशी."

"मग नवरदेवाचा फेटासुद्धा आणायचास भाड्याने!"

पोरगा ओशाळून हसला. ताईने मला चिमटा काढला, "गप बस गं. बिचाऱ्याची नोकरी आहे."

हीच तिची खोड. सगळ्यांची नोकरी तिला दिसायची.

मग तो थंडीतला सुट्टीचा दिवस आला. गिऱ्हाईक नव्हतं, मी माझे बाक धुवायला आले होते. ताई आत गरम हौदाच्या खोलीत होती. फरशीवर ब्लीच टाकून तिने ते मुरू दिलं होतं आणि वरून आणखी थोडं म्हणून दुसरी बाटली उपडी केली. तिला वाटलं तीही ब्लीचचीच, पण आत ॲसिड होतं. मला आधी खोकला ऐकू आला, मग बादली पडल्याचा आवाज. दार उघडलं तर आत पिवळट धूर आणि ताई रांगत दाराकडे येत होती. मी तिला काखेत धरून ओढलं, कपडे काढले, डोक्यावर पाणी ओतत राहिले. तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं आणि श्वास घेताना छाती शिट्टी वाजवत होती.

"ॲम्ब्युलन्स बोलवा," मी मुकादमांना सांगितलं.

"ॲम्ब्युलन्स आली की चौकशी आली. चौकशी आली की ठेका गेला. मग मावशीच घरी बसणार." मुकादम घाबरले होते, पण डोकं चालत होतं. "ताजी हवा घ्या. संध्याकाळी सगळ्यांना डुकराचं मांस माझ्याकडून. चरबीने घसा धुऊन निघतो, खाणकामगारसुद्धा तेच खायचे."

आमच्याकडे हा सगळ्यांचा समज आहे. सिमेंटवाला खातो, गिरणीवाला खातो, फुप्फुसात गेलेलं सगळं म्हणे चरबीबरोबर खाली उतरतं. छातीतलं घशात आणि घशातलं पोटात कसं जातं हे कुणी विचारत नाही. मी ओरडले, भांडले, पण ताईच म्हणाली, "आता बरं वाटतंय गं. नको तमाशा."

संध्याकाळी आम्ही जाळीभोवती बसलो. मांसाचे लांब तुकडे तडतडायला लागले, लसूण भाजला जात होता, सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. मुकादमांनी स्वतः कात्रीने तुकडे करून पहिला घास ताईच्या ताटलीत ठेवला. तिने तो लेट्यूसच्या पानात गुंडाळून तोंडात घातला, चावला आणि थांबली. मग जाळीवर वाकली. इतकी वाकली की केस जळतील म्हणून मी तिला मागे खेचलं.

"काय झालं?"

"आवाज येतोय," ती हळूच म्हणाली. "नुसताच आवाज येतोय."

सर्दी असेल म्हणून तिने पंधरवडा काढला. मग मीच तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगला होता, खोटं बोलला नाही. नाकातले वास ओळखणारे तंतू जळालेत म्हणाला, आणि वर्षानुवर्षं रोज थोडे थोडे जळतच होते, त्या दिवशी उरलेले गेले. परत येतील का? त्याने नकारार्थी मान हलवली. छातीची शिट्टीही राहणारच होती.

ठेकेदाराच्या ऑफिसात नुकसानभरपाईचं विचारायला आम्ही दोघी गेलो. तिथला माणूस आदबीने बोलला, चहासुद्धा दिला.

"पण मावशी, वय झालं की नाक जातंच. आणि आधी तुम्हाला वास येत होता, हे कशावरून?"

मी म्हटलं, "देब्यनच्या कोणत्याही बाईला विचारा!"

"तसं नाही चालत हो."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे बाईचं नाक गेलं तरी तोंड उघडेना. ताई त्या माणसाला वाकून नमस्कार करून बाहेर आली आणि मला तिचा असा राग आला की बसमध्ये दोन थांबे मी तिच्याशी बोलले नाही.

मुकादमांना कळलं तेव्हा त्यांनी तळघरातली तुंबलेली गटारं तिच्याकडे दिली. इतर बायका तिथे ओकायच्या. "मावशींना काय त्रास? देवाने त्यांना वरदान दिलंय," मुकादम हसून म्हणाले. बायकाही हसल्या. हसण्यात सुटकाच जास्त होती. तळघरात तिला काय होतंय, कसली वाफ छातीत जातेय, हे सांगायला आता तिच्याकडे नाकही नव्हतं.

तरी वसंतात ती मांदेली घेऊन आली. म्हणाली, "तीस वर्षं केलंय. हाताला आठवतं." रोज सकाळी झाकण काढायची, सवयीने डोळे मिटून वाकायची आणि अंदाजाने मीठ टाकायची. उन्हाळा कडक गेला. शरदात किमचीचे दिवस आले तेव्हा तिने एक बरणी बोरामला पाठवली. लेकीचा लगेच फोन आला, "आई, अगदी नेहमीसारखी!" ताई आठवडाभर गुणगुणत होती. माझाही जीव भांड्यात पडला.

त्याच आनंदात ती मला घेऊन ग्वाकबाईंकडे गेली. ग्वाकबाई महिनाअखेर गाळा सोडणार होत्या. ताईने बरणी मांडीवर घेतली, फडकं सोडलं आणि झाकण काढून त्यांच्यापुढे धरली.

मला क्षणभर वाटलं, मागच्या नाल्यात काहीतरी मेलंय. मग कळलं. मी श्वास रोखला. ग्वाकबाईंचा हात आपोआप नाकाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. ताई बरणीवर वाकून हसत होती.

"कशी झालीय?"

ताईने ग्वाकबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. तिचं हसू हळूहळू उतरलं. तिने झाकण लावलं, फडकं घट्ट बांधलं आणि म्हणाली, "बाई, गाळा तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या."

ग्वाकबाई तिचा हात धरून रडायला लागल्या. ताईच त्यांची समजूत घालत होती.

बसथांब्यावर तिने मला विचारलं, "खरं सांग. कसला वास होता?"

"सडलीय, ताई."

तिने मान डोलावली आणि फोन काढून लेकीला लावला. मला सगळं ऐकू येत होतं.

"बोराम, बरणी संपली का गं?"

"कधीच! शेजारणीलासुद्धा दिली. सगळे नुसते बोटं चाटत होते, आई!"

"आणखी पाठवू?"

"पाठव ना," लेक म्हणाली. "पण तू दगदग करू नकोस."

फोन पिशवीत टाकून ताई म्हणाली, "लहानपणीही खोटं बोलायची तेव्हा अशीच भराभर बोलायची."

"आता काय करशील?"

"पाठवते. ती पाठव म्हणाली ना. नाही पाठवली तर तिला कळेल, की मला कळलंय."

शनिवारी तिच्या खोलीत बसून आम्ही खोका बांधला. चिकटपट्टी मी लावत होते आणि ताई समोरच बसली होती, म्हणून मला नाकाला रुमाल लावता आला नाही.