डोरीन टॅपिनची चावी

डोरीन टॅपिनला थापा मारता येत नाहीत असं मार्लस्टो गावात कुणीही म्हणणार नाही. बाजारचौकाच्या मागच्या गल्लीत तिचं घर, आणि त्याला खेटून जाइल्स हॅरोपचं कॉटेज. जाइल्स राहतो लंडनला, कॉटेज देतो सुट्टीवर येणाऱ्यांना, आणि त्याची चावी कित्येक वर्षं डोरीनच्या एप्रनच्या खिशात. शुक्रवारी दुपारी पाहुणे येणार, डोरीनचं दार वाजवणार, चावी घेणार. चावीबरोबर लिंबाचा केक मिळायचा आणि एक भूत मिळायचं.

भूत दर वेळी नवं. लीड्सहून आलेल्या जोडप्याला तिनं फाशी गेलेला खाटीक दिला. ब्रिस्टलच्या तीन मैत्रिणींना प्रेमात फसलेली नन दिली, त्या तिघी रात्रभर एकाच पलंगावर झोपल्या. नवरा रॉन होता तेव्हा म्हणायचा, "अगं, देवाला तरी भी!" त्यावर ही म्हणायची, "पाचशे वर्षांचं घर आहे. इतकी माणसं मेली असतील, त्यात एखादा खाटीक असणारच की!"

रॉन गेला आणि मग खरं सांगायचं तर ते शुक्रवारचं दार वाजणं हाच तिचा आठवडा झाला. एरवी तिच्या दाराशी यायचा तो पोस्टमन, आणि तोही फटीतून कागद ढकलून पळायचा.

मार्चमध्ये जाइल्सचा फोन आला. "डोरीन, किती त्रास देतो आम्ही तुम्हाला! आता दाराशी एक डबी लावतोय. पाहुण्यांनी आकडे दाबले की डबी उघडते, आत चावी. तुम्ही आपला आराम करा."

"मला त्रास होतो असं मी कधी म्हटलं?"

"तुम्ही कशाला म्हणाल? साधी माणसं तुम्ही!"

साधी माणसं! डोरीननं फोनला जीभ काढून दाखवली.

एक माणूस आला, त्यानं कॉटेजच्या ओकच्या चौकटीत चार स्क्रू मारून डबी बसवली आणि डोरीनकडची चावी घेऊन आत टाकली. शुक्रवारी एक कुटुंब आलं. त्यांनी आकडे दाबले, दार उघडलं, आत गेले. शेजारी पडद्यामागे एक बाई केक घेऊन उभी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. डोरीननं अर्धा केक उभ्याउभ्या खाल्ला. मग तिला रडू आलं, आणि रडून झाल्यावर राग आला.

आधी तिनं डबीच्या बटणांना संत्र्याचं मार्मालेड फासलं. पाहुण्यांनी रुमालानं पुसलं आणि आत गेले. मेल्यांनी बोंबही मारली नाही! अशानं भागणार नव्हतं. मग तिला ऑड्री पिलबीम आठवली.

पिलबीमबाई म्हणजे गावच्या वारसा मंडळाच्या अध्यक्षा. मार्लस्टोत एक वेळ दुसऱ्याच्या नवऱ्याबरोबर पळून जाता येईल, पण परवानगी न घेता दाराचा रंग बदलता येणार नाही. जुनी घरं सगळी जतन करायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत, आणि त्या यादीची राखण पिलबीमबाईंकडे. साक्षात पाद्रीबाबांना त्यांनी घराच्या दारावरची नवी घंटा काढायला लावली होती. डोरीनशी त्यांचं फार पूर्वीपासून वाकडं. कारण रॉननं एका रविवारी, पिलबीमबाई बहिणीकडे गेल्या असताना, न्हाणीघराची जुनी खिडकी काढून प्लास्टिकची बसवली होती. जुनीतून असा वारा यायचा की टॉवेल वाळत घातल्यासारखे हलायचे. नवी खिडकी रस्त्यावरून दिसत नव्हती. दिसायची ती फक्त कॉटेजच्या मागच्या अंगणातून, आणि तिथे जायची वाट कॉटेजमधूनच, म्हणजे चावी इतकी वर्षं डोरीनच्याच खिशात. पिलबीमबाईंना नुसता वास लागला होता, पुरावा मिळाला नव्हता.

गुरुवारच्या बाजारात डोरीन चीजच्या ठेल्यावर त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"छान ऊन पडलंय नाही, मिसेस पिलबीम?"

पिलबीमबाईंनी वर पाहिलं. "तुम्हाला काय हवंय?"

"मला मेलीला काय हवंय? त्या ओकच्या चौकटीला चार स्क्रू मारलेत, ते तुम्हाला माहीत असेलच म्हणा."

"कुठल्या चौकटीला?"

चीज तराजूतच राहिलं. दोघी गल्लीत पोचल्या. पिलबीमबाईंनी चष्मा लावला, पडलेल्या पोराचा गुडघा चाचपावा तशी चौकट चाचपली आणि म्हणाल्या, "कसाई! मला मागची बाजूही बघायची आहे."

डोरीन पटकन दारासमोर आली. "मागे काय बघायचंय? कचऱ्याचे डबे आहेत नुसते. आणि चावी माझ्याकडे आहे कुठे आता?"

एवढ्यात दार उघडलं. आत उतरलेला पाहुणा हातात टोस्ट घेऊन उभा. "बघायचंय का? या की, या! घर काय मस्त आहे हो!"

तुझं तोंड जळो, असं मनातल्या मनात म्हणत डोरीन मागोमाग गेली.

अंगणात उन्हात ती खिडकी पांढरीशुभ्र चमकत होती.

"मिसेस टॅपिन, हे काय आहे?"

"खिडकी."

"प्लास्टिकची."

"थोडीशी."

पिलबीमबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "मी किती वर्षं हिच्या मागावर आहे! स्वप्नात यायची मला."

"आता झोप लागेल तुम्हाला."

"टोमणे नंतर मारा. मी डबीची तक्रार लिहिली की नगरपालिकेचा माणूस येणार, आणि तो घरांची सबंध ओळ तपासल्याशिवाय जायचा नाही. हिच्या जागी लाकडी खिडकी बसवावी लागेल. एकेरी काचेची. पूर्वीसारखी." मग त्या जरा घुटमळल्या. "तुम्ही आपण होऊन मला बोलावलंत, म्हणून एकदाच विचारते. तक्रार नको असेल तर सांगा. मी इथे येऊन कचऱ्याचे डबे बघितले, बाकी काही नाही. पण मग डबीही राहील."

डोरीन खिडकीकडे बघत राहिली. रॉननं ती जराशी तिरकीच बसवली होती, आणि बसवताना दोनदा अंगठ्यावर हातोडी मारून घेतली होती. तो असता तर म्हणाला असता, मूर्खपणा करू नकोस.

"लिहा," ती म्हणाली.

"अहो, जानेवारीत आंघोळ कशी कराल?"

"पटकन."

मे महिन्यात डबी निघाली. स्क्रूची भोकं बुजवायलाही जाइल्सला कारागीर शोधावा लागला, आणि तोही पिलबीमबाईंच्या पसंतीचा. मग त्याचा फोन आला, आवाज अगदी पडलेला. "डोरीन, चावी तुमच्याकडे ठेवाल का? पूर्वीसारखीच?"

"अरे, पण माझ्या आरामाचं काय?"

"डोरीन, प्लीज."

"बघते हं," ती म्हणाली आणि त्याला पुढचे दोन दिवस लटकत ठेवलं.

शुक्रवार आला. न्हाणीघरात नव्या लाकडी खिडकीच्या फटीतून वारा शीळ घालत होता. डोरीननं दोन स्वेटर घातले होते. गल्लीत गाडी थांबली, पावलं वाजली आणि तिच्या दारावर थाप पडली.

ती दाराच्या मागेच उभी होती. एका हातात चावी, दुसरा कडीवर. तिनं कडी काढली नाही.

"घरी नाहीत वाटतं," बाहेर कुणी बाई म्हणाली. दार पुन्हा वाजलं, या वेळी जोरात.

"आले, आले!" तोंड स्वयंपाकघराकडे वळवून, लांबून आल्यासारखा आवाज काढत डोरीन ओरडली, आणि तिसऱ्यांदा वाजण्याची वाट बघत तिथेच उभी राहिली.