जावयानं काढून दिलेलं कार्ड

जावयाचा मान कसा राखावा हे शिकायचं असेल, तर उदगीरला माझ्या मामेसासऱ्यांकडे चार दिवस राहावं. पाचव्या दिवशी माणूस स्वतःला देवच समजू लागतो. चहा जरा गोड झालाय असं मी एकदा सहज म्हणालो, तर तेव्हापासून त्या घरात सगळेच बिनसाखरेचा चहा पितात. एकदा मी परतीची गाडी दहाला आहे असं ठोकून दिलं. गाडी नऊलाच निघून गेलेली. रिकाम्या फलाटावर मामा शांतपणे म्हणाले, "जावई दहा म्हणलेत. गाडीचंच चुकलं."

अशा माणसापुढं तोंड सांभाळून बोलावं. पण मी त्या मानानं शेफारलो होतो. सत्तरीपुढच्यांची मोफत उपचारांची सरकारी कार्डं निघू लागली, तेव्हा मी मोबाइलवर मामांचं कार्ड काढलं आणि चारचौघांत जाहीर केलं, "आता खुशाल खाजगी डॉक्टरकडे जा. साध्या तपासणीचेही पैसे सरकार भरतं." नियम काही मी वाचले नव्हते. मामांनी कार्ड देवघरात ठेवलं. पुढं फोनवर कधीही विचारलं, की उत्तर ठरलेलं, "लई झकास चालायलंय कार्ड, जावई!"

परवा उदगीरला गेलो आणि माझंच पोट बिघडलं, म्हणून मामांच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेलो. मामांचं नाव काढताच कंपाउंडर म्हणाला, "वरीस झालं, ते आलेच न्हाईत. शेवटचं कार्ड घेऊन आलते. हे भरती झालेल्यालाच चालतंय, नुसतं तपासायला न्हाई, असं म्हणलो. तर म्हणले, हळू बोल, जावयानं काढून दिलंय."

पूर्वी मामा दर महिन्याला पैसे देऊन रक्तदाब तपासून घ्यायचे. आता पैसे दिले असते तर घरात कळलं असतं आणि जावई खोटा पडला असता. म्हणून जाणंच बंद! घरी त्यांची गोळ्यांची डबी उघडून पाहिली, तर आत अर्धे अर्धे तुकडे. गोळ्या पुरवायच्या म्हणून अर्धी अर्धी, तीही अधूनमधून घेत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. दंडाला पट्टा बांधून डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गोळी रोज घेता ना?"

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव, रोज."

"नाही घेत," मी म्हणालो. "माझ्यामुळं." आणि सगळं सांगून टाकलं.

पायऱ्या उतरताना मामांनी माझा हात धरला. ते चांगलेच दुखावले होते. "डॉक्टरपुढं असं कशाला बोलावं, जावई? कार्डाचंच चुकलं."

मला मान वर करून त्यांच्याकडे बघवलं नाही.