लाल रंगाचा डबा

रस्त्याच्या कामावर खडी कमी पडते, किस्से पडत नाहीत. कशेळ्याजवळ आमचं रुंदीकरण चाललं होतं. साइट ऑफिस नावालाच; सगळे बसायचे फणसाखाली, सुमनकाकूंच्या चहाच्या टपरीत.

फणस आखणीत येत होता. म्हणजे झाडही जाणार, टपरीही. मला फार वाईट वाटायचं. मोठ्या साहेबांना विनवून पाहिलं. ते म्हणाले, "झाडासाठी लाइन हलत नाही. पुरातन काही असेल तर बोल."

*

पुरातन तर निघालंच. खोदताना एक वीरगळ सापडला, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड. तेवढ्यापुरती लाइन लगेच हलली, फणसापाशी मात्र होती तशीच राहिली; आणि पुरातत्त्वाच्या मृणाल मॅडम आल्या. आल्या आल्या पोकलेनवाल्या बाळूला म्हणाल्या, "इथे आता फक्त ब्रशने काम."

बाळूने आपल्या मशीनच्या बकेटकडे पाहिलं. "एवढा बरश कुठं मिळंल?"

*

जिथे काही सापडेलसं वाटे तिथे मॅडम चुन्याचा गोल काढत. खणू नका, असा त्याचा अर्थ. आमच्यात चुन्याचा गोल म्हणजे इथेच खण! बाळू इमानदारीत मशीन घेऊन निघाला. मॅडम धावत जाऊन गोलातच बसल्या.

"उठा की," बाळू म्हणाला, "तुमीच तर खूण केली."

*

मग मॅडमनी खूण बदलली. राखायच्या दगडावर लाल ऑइलपेंटचा ठिपका. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ठिपक्यापुढे फूल आणि अगरबत्ती! लाल लावलेल्या दगडाला इथे नुसता दगड कोण म्हणणार? मजूर चपला काढून लांबून जायला लागले.

मॅडम आधी वैतागल्या, मग खूश झाल्या. "वॉचमन नको आता," म्हणाल्या. रंगाचा डबा रोज टपरीत राहायचा, काकूंच्या फळीवर.

*

फणस तोडायचा दिवस उजाडला. बाळूने मशीन आणलं आणि थांबवलं. बुंध्याशी एक दगड होता, त्यावर लाल ठिपका.

"हा कधी सापडला?" मी विचारलं.

काकू कप विसळत होत्या. "आमाला काय ठावं? मॅडमास्नी इचार."

मॅडम वाकल्या. ठिपक्याला बोट लावलं. बोट लाल झालं.

मॅडमनी एकदा फणसाकडे वर पाहिलं, चपला काढल्या आणि ते बोट कपाळाला टेकवलं.

"नारळ आहे का कुणाकडे?"

"हाय की," काकू म्हणाल्या. "कालच सोलून ठेवलाय."