शिवगंगाबाईची खूण

मन्मथप्पाला मी तोंडावर येडा म्हणायचो, अन् अजूनबी म्हणतो. नेकनूरला त्याच्या एसटीडी बूथला लागूनच माझं शिलाईचं दुकान. सगळ्या गावाचं बोलणं त्याच्या तारेतून जायचं, अन् घरात बायको शिवगंगा जन्मापासून बहिरी-मुकी. एवढा संसार झाला, पर ह्या बाबाला खुणा येत्यात किती? चहा, भाकर, दुकान, झोप. बास. बाकी सगळं लेक ईश्वरीवर. बारकी असल्यापासून ती आईच्या हातातलं बापाला सांगायची अन् बापाच्या तोंडातलं आईला. मायलेकींनी खुणाच अशा घडवल्या होत्या की तिसऱ्याला कळायची सोय न्हाई. "शीक की लेका तूबी," म्हणलं की म्हणायचा, "ईश्वरी हाय की, त्रिंबक!"

ईश्वरी कंप्युटर शिकली, लगीन होऊन मस्कतला गेली. मोबाइल आले, बूथ बसला. पर मन्मथप्पानं टेलिफोनची तार सोडली न्हाई, तिच्यावरच इंटरनेट घेतलं. पडद्यावर लेक दिसली की शिवगंगाबाईचे हात असे चालायचे की मी मशीन सोडून बघत बसायचो.

मग ईश्वरीच्या काळजाचं आपरेशन ठरलं, अन् नेमकं तवाच चित्र अडकाया लागलं. लेकीचे हात मधीच थिजायचे, अन् ही बाई पडद्यावर थापा मारायची. खोट राउटरात, म्हंजी तारेतून इंटरनेट घेऊन कंप्युटरला देणाऱ्या डबीत. ईश्वरीनंच कळवलं, "अप्पा, कंपनीनं त्यात भरलेला प्रोग्रॅमच भिकार हाय. लोकांनी मिळून केलेला खुला प्रोग्रॅम फुकट मिळतो. जुना काढा, हा टाका. फाइल धाडलीय. फकत चढत असताना लाइट जाऊ देऊ नका, डबी मरती."

आपरेशनच्या दिवशी सकाळी बघतो तर हा राउटर मांडून बसलेला. आत न्यायच्या आधी ईश्वरी दवाखान्यातून आईला दिसणार होती.

"आज नको बे मन्मथ्या," मी म्हणलं. "अडकत का हुईना, दिसतंय तर!"

"तिचं शेवटचं बोलणं मधीच तुटलं तर?" बोलून गेला अन् स्वतःचीच जीभ चावली.

लाइट जायची वेळ टाळून त्यानं काम सुरू केलं. इन्व्हर्टरची बॅटरी कवाच मेलती. लॅपटॉपला त्याची स्वतःची बॅटरी, पर राउटर सरळ भिंतीतल्या लाइटवर. पडद्यावर हिरवी पट्टी पुढं सरकत होती, अन् दिवा मंद झाला. लाइट गेली नव्हती, नुसती उतरली होती. आमच्याकडं हे रोजचंच. खांबावरच्या लाइटच्या तीन तारांतली एक अशी ढिली पडती, मग ज्याच्या हाताशी आसंल तो उठतो अन् बोर्डावरचा खटका फिरवून घर दुसऱ्या तारेवर घेतो. त्या घरात ते काम शिवगंगाबाईचं. चुलीपुढनं उठली, नवऱ्याला अंधार नको म्हणून खटक्याकडं गेली.

"अगं नको! शिवगंगे, नको!" मन्मथप्पा कोकलला. मीबी कोकललो. अरे देवा, कुणाला ऐकू जाणार होतं ते! खटका फिरला. दिवा पापणी लवायच्या आत विझून लख्ख लागला. बाई आमच्याकडं बघून हसली.

तेवढ्या विझण्यात राउटर मेला. मन्मथप्पानं त्याच्या भोकात टाचणी खुपसली, तारा काढल्या, परत घातल्या, कपाळाला लावला. लाल दिव्याशिवाय काय न्हाई. बीडच्या कॅफेत न्यावं तर जायाला तास, अन् तिकडं वेळ होत आलती. शिवगंगाबाई नवं लुगडं नेसून पडद्यापुढं बसली होती. रिकामा पडदा. मी दारापाशी सरकलो.

टेलिफोन वाजला. जावई सोमेश्वरनं मोबाइल ईश्वरीच्या कानाला धरला होता. मन्मथप्पा ऐकत गेला अन् रडत गेला. "आईला ह्यातलं कसं सांगू गं? मला खूण यीना!"

मग ईश्वरी तिकडनं सांगत गेली अन् हा रिसीव्हर खांद्यात दाबून हात करत गेला. उजवा छातीवर. मग दोन्ही वर. आता डावा गालाला. शिवगंगाबाईनं आधी तोंडाकडं बघितलं, मग हाताकडं. हात नवऱ्याचे, पर बोलणं लेकीचं, हे तिला कळलं. तिनं उत्तर दिलं. बोटं जुळवली, ओठाला लावली, पोटाशी नेली अन् एकदम उघडली.

मन्मथप्पानं जसं दिसलं तसं फोनवर सांगितलं. तिकडं ईश्वरी हसली म्हणं. रडता रडता हसली.

"म्हंजी काय गं? काय म्हणली ती?"

"सांगते अप्पा, भाईर आल्यावर."

ती भाईर आली न्हाई.

खटक्याचं मन्मथप्पानं बायकोला सांगितलं न्हाई. सांगायला खूण न्हाई, अन् असती तरी सांगितलं नसतं. चांगलं केलंस बाबा, हे मीच त्याला म्हणलं. पर ती बाई अजून कवाकवा चूल सोडून येती, त्याच्यापुढं बसती अन् तेच करती. बोटं जुळवून ओठाला, पोटाशी, अन् उघडी. त्याला कळतंय असं तिला वाटतं. तो मान हलवतो.